अठ्ठाविसाव्या वर्षी बूट उतरवले, त्यानंतरचा स्टीव्ह कॉपेल

उजवी_कड

आयएसएलमधल्या (आपल्या इंडियन सुपर लीगमधल्या) परदेशी प्रशिक्षकांचा विषय निघाला की हबास, लोबेरा, रोका ही नावं लगेच येतात. स्टीव्ह कॉपेलचं नाव आलंच, तर 'तो वयस्कर इंग्लिश, बचावात्मक खेळवायचा' एवढ्यावर बोलणं संपतं. केरळ ब्लास्टर्स, जमशेदपूर आणि कोलकात्याचा एटीके असे तीन संघ त्याने आपल्याकडे सांभाळले. पण तो भारतात आला तेव्हा त्याच्या गाठीला चाळीसेक वर्षांचं फुटबॉल होतं, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. त्याच्या पिढीतल्या इंग्लिश मॅनेजरांमध्ये पैसा नसलेल्या क्लबातून संघ उभा करण्यात कॉपेलच्या तोडीचे फार थोडे होते. त्याच्या कपाटात मोठे चषक नाहीत, त्यामुळे त्याचं काम नजरेआड राहतं.

जन्म १९५५चा, लिव्हरपूलचा. मर्सी नदीपलीकडच्या ट्रॅन्मिअर रोव्हर्स या छोट्या क्लबकडून तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळत असताना तो लिव्हरपूल विद्यापीठात पदवीचं शिक्षण घेत होता. १९७५ साली मॅनेजर टॉमी डॉकर्टीने त्याला ६० हजार पौंडांत मँचेस्टर युनायटेडमध्ये आणलं. तेव्हा युनायटेड चक्क दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होतं. कॉपेलने पदवी सोडली नाही. काही काळ अभ्यास आणि व्यावसायिक फुटबॉल दोन्ही सांभाळलं. त्या काळातल्या इंग्लिश खेळाडूंमध्ये हे दुर्मीळच.

तो उजवीकडचा विंगर. नजाकतीपेक्षा दमसास आणि नेमकेपणा ही त्याची ओळख. हल्ला संपला की धावत मागे येऊन बचावालाही मदत करणारा. १९७६, १९७७ आणि १९७९ अशा तीन एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) अंतिम सामन्यांत तो खेळला. त्यातला मधला जिंकला, लिव्हरपूलविरुद्ध २-१. जानेवारी १९७७ ते नोव्हेंबर १९८१ या काळात तो युनायटेडसाठी सलग २०६ लीग सामने खेळला. गोलरक्षक वगळता युनायटेडच्या दुसऱ्या कुठल्याही खेळाडूला हे जमलेलं नाही. त्या काळची चिखलाची मैदानं आणि पायावर येणारे टॅकल डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या आकड्याचं मोल कळेल.

ही मालिका जिथे तुटली तिथेच त्याचं खेळाडूपणही तुटलं. नोव्हेंबर १९८१मध्ये वेम्बलीवर विश्वचषक पात्रतेचा इंग्लंड-हंगेरी सामना होता. त्यात योझेफ टोथच्या टॅकलमध्ये कॉपेलचा गुडघा गेला. तरीही १९८२च्या विश्वचषकासाठी तो स्पेनला गेला. फ्रान्सविरुद्ध ब्रायन रॉब्सनने २७व्या सेकंदाला केलेला गोल पुष्कळांना माहीत आहे. ज्या लांब थ्रो-इनवरून तो आला, तो थ्रो कॉपेलचा. पण गुडघा सुजत राहिला, आणि स्पर्धेतल्या शेवटच्या सामन्यात, यजमान स्पेनविरुद्ध, त्याला बाहेर बसावं लागलं. शस्त्रक्रिया झाल्या, उपयोग झाला नाही. १९८३च्या ऑक्टोबरमध्ये तो निवृत्त झाला. इंग्लंडसाठी ४२ सामने, ७ गोल. वय २८. विंगरची उत्तम वर्षं साधारण तिथून पुढे असतात.

पुढच्याच उन्हाळ्यात, १९८४ साली, दक्षिण लंडनच्या क्रिस्टल पॅलेसने त्याला मॅनेजर नेमलं. क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, पैशांची चणचण, प्रेक्षक रोडावलेले. बाजारातून तयार खेळाडू आणणं शक्य नव्हतं, तेव्हा इतरांनी नाकारलेले शोधायचे. १९८५ साली ग्रीनिच बरो या हौशी पातळीवरच्या संघातून त्याने एक पोरगा उचलला. तो बावीस वर्षांचा होत आला होता, अनेक क्लबांनी त्याला चाचणीनंतर परत पाठवलं होतं, आणि पोटासाठी तो बांधकामावर राबत होता. तो इयान राइट. पुढच्या वर्षी लेस्टरमध्ये घुसमटलेला मार्क ब्राइट आणला. या जोडीने पॅलेसला १९८९मध्ये पहिल्या डिव्हिजनमध्ये नेलं. प्लेऑफच्या, म्हणजे वर जाण्याची जागा ठरवणाऱ्या सामन्यांच्या, अंतिम फेरीत ब्लॅकबर्नकडून पहिला सामना ३-१ हरले होते. घरच्या मैदानावर जादा वेळेत ३-० जिंकले.

आणि मग १९८९-९०. हा हंगाम वगळून कॉपेल समजत नाही. १२ सप्टेंबर १९८९ रोजी अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलने पॅलेसला ९-० धुतलं. लिव्हरपूलचे आठ वेगवेगळे खेळाडू गोल करून गेले. ज्या शहरात तो वाढला, त्याच शहरात. एवढ्या माराने नव्याने वर आलेले संघ कोलमडतात. कॉपेलने दुखणं कुठे आहे ते ओळखलं आणि नोव्हेंबरमध्ये ब्रिस्टल रोव्हर्सकडून नायजेल मार्टिनला दहा लाख पौंडांत घेतलं. ब्रिटनमध्ये एवढी किंमत मिळालेला तो पहिला गोलरक्षक. क्लबचा पैसा एकाच माणसावर लावायचा आणि तोही गोलरक्षकावर, याला तेव्हा धाडस लागत होतं.

एप्रिल १९९०मध्ये व्हिला पार्कवर एफए कपची उपांत्य फेरी. समोर तोच लिव्हरपूल. पायाच्या दुखापतीमुळे राइट संघात नाही. पॅलेस जादा वेळेत ४-३ जिंकलं, विजयी हेडर अ‍ॅलन पार्ड्यूचा. अंतिम सामन्यात समोर कॉपेलचंच जुनं युनायटेड. राइट बदली म्हणून आला, दोन गोल केले, पॅलेस ३-२ पुढे. जादा वेळ संपायला काही मिनिटं असताना मार्क ह्यूजने बरोबरी साधली. फेरसामना युनायटेडने १-० जिंकला, आणि अ‍ॅलेक्स फर्ग्युसनचा युनायटेडमधला पहिला चषक तो ठरला. ह्यूजचा तो गोल झाला नसता तर पुढे काय घडलं असतं, याचा विचार मी अनेकदा करतो.

त्यापुढच्या हंगामात पॅलेस पहिल्या डिव्हिजनमध्ये तिसरं आलं. क्लबची ती आजवरची सर्वोत्तम जागा. नंतर राइट आर्सेनलला गेला, ब्राइट शेफिल्ड वेन्सडेला. १९९३मध्ये, पहिल्या डिव्हिजनची जागा घेतलेल्या प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात ४९ गुण मिळवूनही पॅलेस गोलफरकावर खाली गेलं. शेवटच्या दिवशी आर्सेनलने ३-० हरवलं, आणि त्यात एक गोल राइटचा. कॉपेलने राजीनामा दिला.

रेडिंगबद्दल मी मुद्दाम लिहीत नाही. इथे ते जवळून पाहिलेले लोक आहेत, त्यांनी लिहावं.

जुना_गोली

लेख मनापासून लिहिला आहे, पण एक बाजू सुटली. कॉपेल सोडून जातो. १९९६मध्ये मँचेस्टर सिटीत ३३ दिवस आणि सहा सामने. २०१०मध्ये ब्रिस्टल सिटीत हंगामाचे दोन सामने झाले आणि साहेब बाहेर. त्याच उन्हाळ्यात त्या क्लबने डेव्हिड जेम्ससारखा इंग्लंडचा गोलरक्षक घेतला होता. ब्रेंटफर्ड एक वर्ष, ब्रायटन एक वर्ष. रेडिंगने बोलावलं तर ब्रायटनला हंगामाच्या मधेच टाकलं. भारतातही तीन वर्षांत तीन क्लब. मॅनेजरचं काम पडत्या काळात टिकून राहण्याचं असतं. पैसा नसलेल्या क्लबला तर सगळ्यात आधी स्थैर्य लागतं.

प्राची_द

जुना_गोली, बाकीच्यांबद्दल तुमचं म्हणणं समजू शकते, पण सिटीचं उदाहरण त्या यादीत घालू नका. कामाच्या ताणाने तब्येत बिघडली, हे त्याने तेव्हा जाहीरपणे सांगून राजीनामा दिला होता. १९९६ साली, इंग्लिश फुटबॉलमध्ये, एका ४१ वर्षांच्या माणसाने 'मला हे झेपत नाहीये' असं कॅमेऱ्यासमोर बोलणं म्हणजे काय, याचा विचार करा. तेव्हा त्याला कमकुवत ठरवणारे खूप होते. आज एखाद्या खेळाडूने मानसिक ताणासाठी विश्रांती घेतली तर आपण त्याच्या पाठीशी उभे राहतो. मग त्याच्या पाठीशीही राहायला हवं.

आणि तो पळाला म्हणावं, तर काही महिन्यांतच तो पॅलेसच्या डगआउटमध्ये परत होता. फेब्रुवारी १९९७मध्ये डेव्ह बॅसेट नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला, कॉपेलने संघ हाती घेतला आणि मे महिन्यात वेम्बलीवर प्लेऑफ जिंकून प्रीमियर लीगमध्ये नेला. शेफिल्ड युनायटेडविरुद्ध शेवटच्या मिनिटाला डेव्हिड हॉपकिनने बॉक्सबाहेरून वळवून मारलेला तो गोल जरूर बघा.

उजवी_कड

प्राची, +१. आणि जुना_गोली, पडत्या काळात टिकण्याबद्दल म्हणालात म्हणून. १९९९च्या जानेवारीत टेरी व्हेनेबल्स गेला तेव्हा पॅलेस दिवाळखोरीच्या दारात होतं. लवकरच क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला, खेळाडू विकावे लागले. त्या अवस्थेत संघ कोणी सांभाळला? कॉपेलनेच. दोन्ही हंगामांत खाली जाऊ दिला नाही. नवा मालक आल्यावर २०००मध्ये त्याला जावं लागलं. पॅलेसमध्ये तो चार वेगवेगळ्या वेळी मॅनेजर होता. सोडून जाणाऱ्याला कोणी पुन्हा पुन्हा बोलावत नाही.

थेम्सकाठी

मी रेडिंगमध्ये नोकरीसाठी आले ते कॉपेलच्याच काळात. इथे आयटीमुळे मराठी घरं बरीच आहेत, आणि फुटबॉलशी काही देणंघेणं नसलेलेही तेव्हा मडेस्की स्टेडियमला जायला लागले होते. नवीन गावात आपलं असं काहीतरी लागतं, ते आम्हाला त्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी दिलं. म्हणून लिहिते.

२००३च्या ऑक्टोबरमध्ये कॉपेल इथे आला तो पार्ड्यू वेस्ट हॅमला गेल्यामुळे. हो, उपांत्य फेरीत विजयी गोल करणारा तोच पार्ड्यू. क्लबची स्थापना १८७१ची, आणि तोवर एकदाही सर्वोच्च विभागात खेळलेला नाही. कॉपेलने हळूहळू संघ बांधला. केव्हिन डॉयलला आयर्लंडच्या कॉर्क सिटीतून ७८ हजार पौंडांत आणलं. त्याच्याबरोबर त्याच क्लबमधून शेन लाँग आला. निकी शोरी आधीपासून इथे होता, लेटन ओरिएंटहून २५ हजारांना घेतलेला. कॉपेलच्या हाताखाली तो इंग्लंडसाठी खेळण्याच्या पातळीला पोचला. मधल्या फळीत सिडवेल आणि हार्पर, मागे इंगिमार्सन आणि सोंको, गोलमध्ये हाह्नेमान.

२००५-०६चा पहिलाच सामना आम्ही घरी प्लिमथकडून हरलो. त्यानंतर ३३ लीग सामने अपराजित. ल्यूटनने ती मालिका मोडली, आणि पूर्ण हंगामात दोनच पराभव. ४६ सामन्यांत १०६ गुण, ९९ गोल. इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमधला गुणांचा हा विक्रम होता, आधीचा सुंदरलंडचा १०५. दुसऱ्या आलेल्या शेफिल्ड युनायटेडला ९० गुण होते, यावरून अंतर समजेल.

मला सर्वांत भावलं ते पुढच्या वर्षीचं. प्रीमियर लीगमधला पहिला सामना, मिडल्सब्रो २-० पुढे, आणि आम्ही ३-२ जिंकलो. बहुतेक तोच संघ, जुनेच खेळाडू. आठव्या क्रमांकावर संपवलं, ५५ गुण, युरोपीय स्पर्धेची जागा एका गुणाने हुकली. लीग मॅनेजर्स असोसिएशनचा वर्षाचा सर्वोत्तम मॅनेजर हा पुरस्कार २००६ आणि २००७ अशी दोन्ही वर्षं कॉपेलला मिळाला. तो देणारे दुसरे मॅनेजरच असतात, हे ध्यानात घ्या.

मैदानाच्या कडेला तो फार आरडाओरडा करायचा नाही. जिंकल्यावरही चेहऱ्यावर फारसा बदल नाही. करार दरवर्षी एकाच वर्षाचा करायचा. आमच्या आजूबाजूचे इंग्लिश प्रेक्षक त्याबद्दल काळजीत असायचे, पण आदराने बोलायचे.

जुना_गोली

थेम्सकाठी, सुरेख लिहिलंत. पण मग २००८चं काय? दोन वर्षं सर्वोत्तम मॅनेजर आणि तिसऱ्या वर्षी घसरण. तुम्ही तिथे होतात, म्हणून विचारतो. काय बिघडलं?

थेम्सकाठी

सिडवेल करार संपल्यामुळे फुकटात चेल्सीला गेला. त्याच्या तोडीचा मधला खेळाडू मिळाला नाही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बचाव ढासळला. सप्टेंबर २००७मध्ये पोर्ट्समथने आम्हाला ७-४ हरवलं, डिसेंबरमध्ये टॉटनमने ६-४. दोन सामन्यांत चार-चार गोल करून शून्य गुण. शेवटच्या दिवशी डर्बीला त्यांच्या मैदानावर ४-० हरवलं, पण तिकडे डॅनी मर्फीच्या हेडरवर फुलहॅम पोर्ट्समथमध्ये १-० जिंकलं. दोघांचे ३६ गुण. फुलहॅमचा गोलफरक उणे २२, आमचा उणे २५. तीन गोल! पोर्ट्समथचा तो एक सामना बरोबरीत सोडवला असता तरी वाचलो असतो.

माझ्या मते त्याची चूक असेल तर ही, की पहिल्या वर्षीच्या संघावर त्याने जास्तच विश्वास टाकला. वर नेलेल्या खेळाडूंना संधी द्यायची हे तत्त्व म्हणून पटतं, पण दुसऱ्या वर्षी प्रतिस्पर्धी तुम्हाला ओळखून असतात. त्यानंतर तो एक वर्ष थांबला, प्लेऑफमध्ये बर्नलीकडून हरल्यावर गेला. म्हणजे खाली घसरल्यावर लगेच सोडलं नाही, हेही नोंदवते.

अंधेरी_लोकल

आता भारतातलं घ्या. १९ नोव्हेंबर २०१६, अंधेरीचं मैदान, मुंबई सिटी ५, कॉपेलचं केरळ ०. फोरलानची हॅटट्रिक. मी स्टँडमध्ये होतो आणि घसा बसेपर्यंत ओरडलो. परत जाताना आम्हा सगळ्यांचं ठाम मत होतं की केरळचा हंगाम इथे संपला.

त्यांनी पुढच्या सामन्यात पुण्याला हरवलं, कोलकात्यात बरोबरी केली, शेवटी नॉर्थईस्टला १-० हरवून उपांत्य फेरी गाठली. लीग टप्प्यात १३ गोल केले, १५ खाल्ले, तरी दुसरे! आम्ही पहिले आलो आणि उपांत्य फेरीत एटीकेकडून हरून घरी बसलो. कॉपेल दिल्लीत पेनल्टींवर जिंकून कोचीच्या अंतिम सामन्यात. तिथे १-१, आणि एटीकेने शूटआउट ४-३ जिंकलं.

धागाकर्त्याने ९-० लिहिलंय, ते वाचल्यावर मला आमचे पाच आठवले. मोठ्या पराभवानंतर संघ विस्कटू न देणं हे त्याला १९८९पासून येत होतं. आणखी एक. मुंबईने २०१४मध्ये पीटर रीड आणला होता, तोही इंग्लंडचा खेळाडू आणि मॅनेजर. आठ संघांत सातवे आलो. म्हणजे नुसतं इंग्लिश नाव आणून भागत नाही.

मडगावकर

केरळच्या त्या वर्षात सी. के. विनीतचाही वाटा सांगायला हवा. बेंगळुरू एफसीकडून एएफसी कपमध्ये (आशियाई क्लबांची स्पर्धा) खेळत असल्यामुळे तो अर्धा हंगाम उलटल्यावर आला आणि पाच गोल करून गेला.

जमशेदपूरबद्दल लिहितो, कारण त्यांचा रस्ता आम्हीच अडवला. २०१७-१८, नवाकोरा क्लब. पहिले तिन्ही सामने ०-०, आणि लोक कंटाळून बोलू लागले होते. पण त्याने आधी मागची फळी बसवली. तिरी होता, आणि आंद्रे बिके, जो रेडिंगमध्ये त्याच्याच हाताखाली खेळलेला. कॉपेलच्या जुन्या संघाविरुद्ध, केरळविरुद्ध, घरच्या मैदानावर जेरीने अर्ध्या मिनिटाच्या आत गोल केला तेव्हा कळलं की हा संघ फक्त अडवायला आलेला नाही. शेवटच्या लीग सामन्यात एफसी गोवा २७ गुणांवर, जमशेदपूर २६ वर. जो जिंकेल तो पुढे, आम्हाला बरोबरीही पुरली असती. आम्ही त्यांच्याच गावात ३-० जिंकलो. लोबेराचा गोवा त्या वर्षी गोलांचा पाऊस पाडत होता. कॉपेलचा संघ पाचवा. पहिल्या वर्षाच्या क्लबसाठी मला ते चांगलंच वाटतं. पण खरं सांगायचं तर मला लोबेराचा खेळ बघायला जास्त आवडायचा, आणि एटीकेत २०१८-१९ला कॉपेलचा संघ सहावा आला तेव्हा बघवत नव्हतं.

जुना_गोली

ब्रिस्टल सिटीबद्दल माझं मत कायम आहे. दोन सामने म्हणजे क्लबची आणि खेळाडूंची फरफट. पॅलेसच्या दिवाळखोरीतल्या कामाचं श्रेय मात्र द्यायलाच हवं. तेवढा काळ तग धरणारे थोडे.

एक राहिलं. गॅरेथ साउथगेट पॅलेसच्या युवा संघातून कॉपेलच्याच काळात वर आला. पुढे तो इंग्लंडचा मॅनेजर झाला, विश्वचषकाची उपांत्य फेरी आणि युरोचे दोन अंतिम सामने. पार्ड्यूही मॅनेजर झाला, पॅलेसचाच, आणि २०१६ला एफए कपच्या अंतिम सामन्यात पुन्हा युनायटेडकडून हरला. एका ड्रेसिंग रूममधून एवढे निघाले म्हणजे तिथे विचार करायला शिकवत असणार.

प्राची_द

मी १९९०चा तो उपांत्य सामना कधी पाहिलेला नाही. पूर्ण सामन्याची चित्रफीत मिळतेय. पाहताना कशाकडे लक्ष देऊ?

उजवी_कड

पूर्ण बघ, तुकडे नको. पहिल्या अर्ध्यात रशच्या गोलने लिव्हरपूल पुढे असतं आणि पॅलेस चाचपडत असतं. मध्यंतरानंतर लगेच ब्राइट बरोबरी करतो, तिथून सामना फिरतो. त्यानंतर पॅलेसला फ्रीकिक किंवा कॉर्नर मिळाला की थांबून पाहा, कोण कुठे उभं राहतं ते. एवढा बलाढ्य लिव्हरपूल, पण उंचावरून बॉक्समध्ये येणाऱ्या चेंडूवर त्यांची तारांबळ उडते, आणि पॅलेस पुन्हा पुन्हा तिथेच घाव घालतं. शेवटचा गोल कॉर्नरचा: जवळच्या खांबापाशी अँडी थॉर्न डोक्याने चेंडू मागे सरकवतो आणि पार्ड्यू धावत येऊन हेडर मारतो. सात महिन्यांपूर्वी नऊ गोल खाल्लेल्या संघाकडून.